महिनाभराची गोष्ट : कैरोचा रमजान, बीडचा श्रावण

श्रावण लागला की आमच्याकडे पोथी लागते. रात्रीची जेवणं उरकली की गावातल्या मारुतीच्या देवळात सतरंजी पडते. चौरंगावर लाल कपड्यात बांधलेली पोथी, बाजूला समई आणि समईपेक्षा भरवशाचा चार्जिंगचा दिवा. एकजण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाचणाऱ्याचा आवाज खणखणीत हवा आणि सांगणाऱ्याला गाव माहीत हवं, कारण शकुनीमामाचा फासा पडला की त्याला लगेच सोसायटीच्या निवडणुकीचा दाखला देता आला पाहिजे. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की वाचणारा हटकून थांबतो, पोथीला हात जोडतो आणि म्हणतो, "पुढचं उद्या." मागं भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या करवादतात. पुढं काय होणार हे त्यांना पाठ असतं, तरी करवादतात.

यात एक हिशेब असतो. श्रीधरस्वामींच्या 'हरिविजया'चे अध्याय ३६, 'रामविजया'चे ४० आणि 'पांडवप्रतापा'चे ६४. महिन्याच्या रात्री मात्र तीसच. त्यातून लाइट गेलेल्या, पाऊस झोडपलेल्या, गावात कुणी वारलेल्या रात्री वजा करायच्या. मग एखाद्या रात्री दोन-दोन, तीन-तीन अध्याय ओढावे लागतात, तर एखादा अध्याय रंगला म्हणून दोन दिवस पुरवावा लागतो. समाप्तीचा दिवस मात्र हलत नाही, कारण भंडाऱ्याची वर्गणी गोळा झालेली असते.

कैरोत नाहीतर दमास्कसमध्ये बसून टीव्हीची मालिका लिहिणाऱ्यापुढं नेमका हाच हिशेब असतो. रमजानचे दिवस तीस, म्हणून भाग तीस. पहिला भाग चंद्र दिसल्यावर, शेवटचा ईदच्या तोंडावर. अरब देशांत वर्षातल्या मोठ्या मालिका या एका महिन्यात एकदम येतात, एकाच वेळी, डझनावारी. उरलेले अकरा महिने मुख्यतः त्यांची तयारी आणि त्यांचं पुनःप्रक्षेपण. अरबीत मालिकेला 'मुसलसल' म्हणतात, म्हणजे साखळीसारखं ओवलेलं. हा शब्द बीडला परका नाही. बशीरगंजातला फळवाला "मुसलसल तीन दिन से बारिश है" म्हणतो तेव्हा तो हाच शब्द वापरतो, आणि मराठीत आपण ज्याला सिलसिला म्हणतो तो याच शब्दाचा सख्खा भाऊ.

अरबी मालिका आणि रमजान यांचं नातं धर्माचं की धंद्याचं, असा वाद बरीच वर्षं चालला आहे. मला हा वाद अर्धवट वाटतो. आधी प्रश्न असा की, गोष्ट ऐकायला लोक कधी रिकामे असतात आणि एकत्र असतात. ते ज्या मुहूर्तावर एकत्र येतात तिथं गोष्ट जाते. तिच्या मागोमाग जाहिरात, मग सरकार, मग मौलवी किंवा महाराज. बीडसारख्या जिल्ह्यात बसून हे जास्त नीट दिसतं, कारण इथं लोकांना एकत्र आणणारी घड्याळं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

रमजानच्या संध्याकाळचं वेळापत्रक टीव्हीवाल्यांनी बनवलेलं नाही. मगरिबची अजान झाली की घरातली सगळी माणसं एका मिनिटाला एका दस्तरखानावर असतात. वर्षभरात दुसऱ्या कुठल्याही वेळी अशी हमी कुणी देऊ शकत नाही. दिवस उलटा झालेला असतो. कचेऱ्या लवकर सुटतात, रात्र लांबते, सहरीपर्यंत, म्हणजे पहाटेच्या जेवणापर्यंत, जाग असते. या वेळेचे मग तुकडे पाडले गेले. इफ्तारचे घास चाललेले असताना हलकीफुलकी, विनोदी मालिका, कारण तेव्हा कुणी लक्ष देऊन बघत नाही. सौदीची 'ताश मा ताश' ही १९९३ पासून अठरा-एक वर्षं याच वेळी यायची आणि सरकारी बाबू, लग्नाचे रीतिरिवाज, कडवे धर्ममार्तंड यांची टर उडवायची. तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची, नमाज झाली की जड, लांब, रडवणारी मालिका. सहरीच्या आधी पुन्हा एकदा, ज्यांचं चुकलं त्यांच्यासाठी.

टीव्हीच्या आधीही हे होतंच. दमास्कसच्या उमय्यद मशिदीमागं नौफरा नावाचा कॉफीखाना आहे. तिथं हकवाती, म्हणजे कथेकरी, उंच खुर्चीवर बसून अंतर नावाचा वीर किंवा सुलतान बैबर्स यांच्या कथा रात्र-रात्र सांगायचा. रमजान हा त्याचा खरा हंगाम. नायक कैदेत पडला की तो पुस्तक मिटायचा. एका रात्री एक चिडलेला श्रोता त्याच्या घरी गेला आणि नायकाला सोडवल्याशिवाय झोपू देईना, अशी दंतकथा सांगतात. आमच्या पोथीवाल्यांच्या बाबतीतही अशाच दंतकथा आहेत. फक्त तिथं श्रोता दारात न जाता दुसऱ्या दिवशी पारावर गाठतो. पुढं कैरो रेडिओनं पन्नाशीच्या दशकात 'अलिफ लैला' रमजानात ऐकवायला सुरुवात केली आणि शहरजादचा आवाज घराघरात गेला. १९६० साली इजिप्तचा टीव्ही सुरू झाल्यावर 'फवाझीर' आले. नाचगाण्यात गुंफलेलं रोजचं एक कोडं. नेली आणि शेरिहान या दोघींनी ते इतकं रंगवलं की एका पिढीला रमजान म्हटलं की त्यांचे पोशाख आठवतात. उपासाच्या महिन्यात नाचगाणं कशाला, ही तक्रार तेव्हापासूनची.

१९८७ हे साल आपण लक्षात ठेवावं असं आहे. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'रामायण' सुरू झालं. त्याच वर्षी इजिप्तमध्ये उसामा अन्वर उकाशा यांच्या 'लयाली अल्-हिल्मिया'चं पहिलं पर्व आलं. एकाच वर्षी, दोन मोठ्या देशांत, सरकारी टीव्हीवर दोन मालिका. आपल्याकडच्या मालिकेनं देव दाखवले. त्यांच्या मालिकेनं कैरोतली एक गल्ली दाखवली. फारूख राजाच्या काळापासून नासर, सादात, मोकळा बाजार असं करत ती गल्ली पाच पर्वांतून १९९५ पर्यंत चालली. बडे पाशा कसे उतरले, दलाल कसे चढले, कारखान्यातला कामगार कुठं हरवला, हे सगळं तिच्यात होतं. धर्माच्या महिन्यात देशाच्या इतिहासाची उलटतपासणी. मला हे फार विलक्षण वाटतं. आपल्या 'रामायणा'ला आठवड्यातला एक दिवस मिळाला, रविवारची सकाळ साडेनऊची, आणि तो वार त्या मालिकेनं स्वतः पवित्र करून घेतला. टीव्हीला हार घालून, नारळ फोडून, ग्रामपंचायतीच्या सेटसमोर चपला बाहेर काढून लोक बसायचे. रमजानची वेळ आधीच पवित्र होती. मालिका तिच्यात पाहुणी म्हणून आली. पाहुण्याला यजमानाबद्दल चार खरे शब्द बोलायची मुभा असते, घरच्या देवाला ती नसते.

लीला अबू-लुघोद या मानववंशशास्त्रज्ञ बाई वरच्या इजिप्तमधल्या एका खेड्यात बायकांबरोबर या मालिका बघत बसल्या आणि त्यावर २००५ साली त्यांनी एक पुस्तक काढलं. कैरोतले लेखक समजत होते की आपण खेड्याला शहाणं करतोय. खेड्यातल्या बायका मात्र हवं ते घ्यायच्या, नको ते सोडायच्या, आणि शहरी नायिकेचे प्रश्न हे रिकामटेकड्यांचे प्रश्न म्हणून हसायच्या. मराठी मालिकेतली सून सकाळी सहाला भरजरी साडी नेसून पोहे करते तेव्हा आमच्याकडच्या बायका अगदी असंच हसतात.

उपग्रह वाहिन्या आल्या तसा हा महिना देशोदेशींचा झाला. १९९१ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली आणि २००२ मध्ये दुबईला गेलेली सौदी मालकीची एमबीसी ही सगळ्यांत मोठी खरेदीदार बनली. नव्वदच्या दशकात सीरियानं बाजी मारली. हातिम अली या दिग्दर्शकाची 'अत्-तग्रिबा अल्-फलस्तीनिया' (२००४) पॅलेस्टिनी निर्वासितांची कथा म्हणून आजही दाखवली जाते. 'बाब अल्-हारा' २००६ मध्ये आली ती फ्रेंच राजवटीतल्या दमास्कसचा एक मोहल्ला घेऊन. मिशा पिळणारे शूर पुरुष, वेशीचा दरवाजा आणि उंबऱ्याच्या आतल्या बायका. तिच्यावर टीका झाली ती बायकांना असं कोंडल्याबद्दल, आणि लोकांनी पाहिली तीही कदाचित त्याच कारणानं. जुन्या दिवसांची हुरहूर ही सगळीकडे बायकांच्या जिवावर उभी असते. २०११ नंतर सीरिया पेटला, कलाकार बैरूत, दुबई, कैरो असे पांगले आणि ज्या दमास्कसचा सेट उभारायचा ते दमास्कस उरलं नाही.

याच वर्षांत वेळेची मारामारीही वाढली. दर रमजानला इतक्या मालिका येतात की लेखक शेवटचे भाग रमजान निम्मा सरल्यावर लिहीत असतो आणि नटमंडळी रोजा ठेवून रात्री चित्रीकरण करत असतात. जाहिरातदार पैसे लावतात ते या तीस दिवसांवरच. अलीकडे पंधरा भागांच्या मालिका वाढल्या आहेत. त्याचं एक कारण मोबाइलवर बघणारा प्रेक्षक, दुसरं म्हणजे तीस भाग ओढायला पाणी घालावं लागतं हे अखेर सगळ्यांनी कबूल केलं.

आता मौलवी आणि सरकार. हे दोघं या महिन्यात वेगळे काढता येत नाहीत. २००८ च्या उन्हाळ्यात सीरियन बोलीत डब केलेली 'नूर' ही तुर्की प्रेमकथा अरब जगात तुफान चालली. शेवटच्या भागाला साडेआठ कोटी प्रेक्षक होते असं एमबीसीनंच सांगितलं. सौदीच्या मुख्य मुफ्तींनी ती बघू नये म्हणून सांगितलं. पुढच्याच रमजानात तिथल्या सर्वोच्च न्यायमंडळाचे प्रमुख शेख सालेह अल्-लुहैदान यांना रेडिओवर कुणीतरी विचारलं की या वाहिन्यांच्या मालकांचं काय करावं. त्यांनी थेट मृत्युदंडापर्यंत मजल नेली, आणि मग ओरड झाल्यावर न्यायालयामार्फत, असं जोडलं. २०१२ मध्ये हातिम अली यांनी दुसरे खलीफा उमर यांच्यावर 'उमर' ही ३१ भागांची मालिका केली. सहाबांना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, पडद्यावर चेहरा द्यावा की नाही यावर कैरोच्या अल्-अझहर या धर्मपीठानं हरकत घेतली. एमबीसीनं आपल्या बाजूनं उलेमांची समितीच दाखवली. २०२५ मध्ये 'मुआविया' आली तेव्हा तर शिया-सुन्नी दुखणं उघडं पडलं आणि इराकनं ती तिथं दाखवायला मनाई केली. इजिप्तमध्ये सरकारला हे माध्यम फार आधीपासून कळलं होतं. 'अल्-इख्तियार' (२०२० पासून) या मालिकेत लष्कराचा पराक्रम, आणि २०२२ च्या तिसऱ्या पर्वात तर विद्यमान राष्ट्राध्यक्ष सीसी यांचंच पात्र, नटानं रंगवलेलं.

पण याच महिन्यात, याच इजिप्तमध्ये, २०२३ साली 'तहत अल्-विसाया' आली. नवरा मेलेली एक बाई. कायद्यानं मुलांच्या पैशांवर हक्क आईचा नाही, आजोबांचा. ती नवऱ्याची मासेमारीची होडी उचलते आणि दोन लेकरांना घेऊन दुसऱ्या बंदरात जाऊन पुरुषांच्या धंद्यात उतरते. मोना झकीनं ही हनान अशी केली आहे की तिच्या चेहऱ्यावर मेकअप आहे की मीठ, कळत नाही. मालिका पंधराच भागांची. तिच्यानंतर पालकत्वाचा कायदा बदलण्याची मागणी पुन्हा जोरात पुढं आली, वकील आणि आमदार बोलू लागले. एक वर्ष आधी 'फातन अमल हरबी'नं घटस्फोटित आईचा हाच प्रश्न उचलला होता. रमजानात सगळा देश एकाच वेळी बसलेला असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी बोलायला सगळ्यांकडे एकच विषय असतो. अशा वेळी गोष्टीत घातलेला प्रश्न लांब जातो. धंदेवाल्यांना हे माहीत आहे तसं चांगल्या लेखकांनाही माहीत आहे.

बीडमध्ये यातलं काय पोचतं? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार, त्यात मुसलमान सुमारे बारा टक्के. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या गावांमधून दखनी उर्दू बोलली जाते. अरबी वाचता येते ती कुराणापुरती, बोलली तर कळत नाही. त्यामुळे कैरोच्या मालिका इथं सरळ येत नाहीत. रमजानची रात्र इथं मोमीनपुऱ्यात, कारंजाच्या बाजारात, टरबुजाच्या गाड्यांवर आणि तरावीहला जाते. टीव्ही बघणं या महिन्यात जरा चोरट्यासारखंच मानलं जायचं. आमच्या ओळखीच्या एका चाचींच्या घरात चाँदरातीला टीव्हीवर चादर पडायची ती ईदलाच निघायची. नव्वदच्या दशकात रामानंद सागरांनीच दूरदर्शनवर आणलेली 'अलिफ लैला' सगळ्या गल्लीनं पाहिली होती, पण तिचा रमजानशी संबंध नव्हता. बगदादच्या गोष्टी बीडला पोचल्या त्या अशा, हिंदीतून.

मग २०२० आलं. २५ एप्रिलला रमजान लागला, मशिदी बंद, तरावीह घरातच. त्याच दिवशी पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीनं 'अर्तुग्रुल' ही तुर्की मालिका उर्दूत दाखवायला सुरुवात केली आणि यूट्यूबवरून ती सगळीकडे गेली. बीडच्या गल्ल्यांतही गेली. मला आठवतं ते दृश्य असं: ताटात खजूर, टरबुजाच्या फोडी, भज्यांचा ढीग, स्टीलच्या तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल, त्यावर घोड्यांच्या टापा. त्या चाचींनी टीव्हीवरची चादर काढली नव्हती. मोबाइलला चादरीचा नियम लागू नाही, असं त्यांच्या नातवानं त्यांना पटवलं होतं. आजीला तुर्की टोळीवाले आवडले ते त्यांच्या आईमुळं. "ये हायमा माँ अच्छी है, बच्चों को डाँटती भी है." पोथीतल्या कुंतीबद्दल हेच बोलणाऱ्या म्हाताऱ्या मी ऐकल्या आहेत.

गंमत अशी की, बीडमध्ये जी मालिका जणू रमजानचं पुण्य म्हणून पाहिली जात होती, तिच्याविरुद्ध इजिप्तच्या दार अल्-इफ्ता या फतवे देणाऱ्या संस्थेनं दोनच महिने आधी इशारा दिला होता की ही तुर्कस्तानची साम्राज्याची स्वप्नं आहेत. सौदी गटानं २०१८ मध्येच आपल्या पडद्यावरून तुर्की मालिका काढल्या होत्या आणि २०१९ मध्ये उस्मानी सुलतानांना खलनायक करणारी 'ममालिक अन्-नार' आली होती. म्हणजे 'मुसलमान जग एक मालिका बघतं' असं आपल्याकडे जे सरसकट बोललं जातं, ते त्या मालिकांइतकंच काल्पनिक आहे.

त्याच महिन्यात शेजारच्या घरात काय चाललं होतं? २८ मार्चपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा सुरू केलं होतं. १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक होते, हा दूरदर्शनचा दावा. संध्याकाळी सातला डीडी भारतीवर 'महाभारत'. बीडला एप्रिलअखेर सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. म्हणजे एका भिंतीच्या इकडं इफ्तार आटोपतोय आणि तिकडं हरिश भिमानींचा 'मैं समय हूँ' सुरू होतोय. त्या आवाजाचे संवाद लिहिणारे राही मासूम रझा. हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही. वेळापत्रकंच तशी होती.

मराठी वाहिन्यांना सणाची वेळ कळते, पण त्यांनी ती वेगळ्या तऱ्हेनं वापरली. 'जय मल्हार' २०१४ मध्ये झी मराठीवर संध्याकाळी सातला, दिवेलागणीला बसवली हे अचूकच होतं. बीडच्या खंडोबाच्या टेकडीवरच्या दीपमाळांपर्यंत त्या तीन वर्षांत नव्या पिढीची ये-जा वाढली असं पुजारी सांगतात. 'तू माझा सांगाती', 'विठू माऊली', 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं' या मालिकांनी संतांना आणि देवांना रोजची वेळ दिली. बाकीच्या कौटुंबिक मालिकांत सण हा महाएपिसोडसाठी येतो. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गणपती, संक्रांतीला हळदीकुंकू, मग त्यात एक गैरसमज, एक कानाखाली. गोष्ट सणात शिरत नाही, सण गोष्टीत सजावट म्हणून टांगला जातो. आणि या मालिकांना समाप्ती नसते. टीआरपी आहे तोवर चालतात, पडला की आठवड्याभरात गुंडाळतात. पोथीचा आणि रमजानी मालिकेचा लेखक शेवट माहीत असूनच पहिली ओळ लिहितो. ज्याला शेवट माहीत आहे त्याला काहीतरी म्हणायचं असतं.

आमच्या जिल्ह्याचं तिसरं घड्याळ यांतल्या कशातच बसत नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सांगली, कोल्हापूर, सातारा, अहिल्यानगर, थेट कर्नाटकापर्यंत. पाच-सहा महिने. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, आष्टी या तालुक्यांतल्या वस्त्यांवर दिवाळीत म्हातारीकोतारी आणि शाळेत ठेवलेली पोरं. वाहिन्यांच्या सणांचा हंगाम, दिवाळी ते संक्रांत, हा इथं घरं कुलूपबंद असण्याचा हंगाम. भगवानगडाचा नारळी सप्ताह आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह उन्हाळ्याच्या तोंडाशी जोर धरतात, कारण तेव्हा माणसं गावात असतात. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद: सात भागांची मालिका म्हणा. कीर्तनकारांना प्रेक्षक कधी घरी असतो ते कळलं. वाहिन्यांना कळलं नाही, कारण तोडणीवरच्या माणसाच्या कोपीत, म्हणजे फडातल्या झोपडीत, टीआरपीचं यंत्र कुणी बसवत नाही.

आणि 'तहत अल्-विसाया' सारखी गोष्ट इथं नाही असं कोण म्हणेल? एक दिवस काम बुडलं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात, मग ते आजारपण असो की पाळी. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं, विधानसभेत बोललं गेलं. रोज संध्याकाळी साडेसात ते दहा ज्या पडद्यावर सासू-सुनांचे पाच-पाच संसार चालतात, त्यावर ही बाई नायिका म्हणून आल्याचं मला आठवत नाही. मराठी मालिकेतलं खेडं बोलतं ते बहुतेक साताऱ्याचं नाहीतर कोल्हापूरचं. तिथला ऊस हिरवागार उभा दिसतो. तो तोडायला कोण येतं ते कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. 'मुलगी झाली हो' म्हणणाऱ्या मालिका आल्या, पण त्या आकड्याच्या गावात कुणी गेलं नाही.

कुणी म्हणेल, इजिप्तमध्ये तरी काय मोठं स्वातंत्र्य आहे. खरं आहे. तिथल्या बहुतेक मोठ्या मालिका सरकारशी जोडलेल्या एका कंपनीच्या छत्राखाली बनतात. लष्करावर, राष्ट्राध्यक्षांवर वाकडा शब्द निघत नाही. तरीही विधवा आईच्या हक्काची गोष्ट वर्षातल्या सगळ्यांत महागड्या वेळेला बसते. आपल्याकडं सरकारी बंधन त्या मानानं कमी, आणि गोष्ट त्याहून भित्री. याचं कारण मला भीतीपेक्षा गैरहजेरीत दिसतं. ज्यांची गोष्ट सांगायची ते दिवेलागणीला पडद्यासमोर नसतात, आणि जे असतात त्यांना ती नको असते.

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण लिहून काढलं, भिंतीवर पसरून समोर बसणाऱ्यांना समजावून सांगायला. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा पडदाच म्हणायचा. आता त्याच गावात दूरदर्शनचा उंच टॉवर आहे. त्या टॉवरच्या आणि पासोडीच्या मधल्या चारशे वर्षांत गोष्ट सांगणाऱ्यांनी लोकांच्या वेळा ओळखून घेतल्या: चातुर्मास, सप्ताह, यात्रा, उरूस, रमजानच्या रात्री. उसाची वेळ तेवढी नवी आहे, पन्नास-साठ वर्षांची. तिची पोथी अजून कुणी लावलेली नाही.

या चार-पाच वर्षांत रमजान फिरत-फिरत ऊसतोडीच्या हंगामात आला आहे. २०२४ ला मार्चमध्ये, २०२५ ला मार्चच्या सुरुवातीला, २०२६ ला फेब्रुवारीत. पहाटे तीनला बशीरगंजात सहरीला उठवणारा डफ वाजवत फिरतो, एकेका खिडकीत दिवा लागतो, स्टोव्ह पेटतात. त्याच वेळेला कारखान्याच्या फडात कोप्यांसमोर चुली पेटलेल्या असतात. बाजरीची भाकर थापून, लेकरू पाठीशी बांधून, चारला कोयता चालला पाहिजे, कारण गाडी भरून गव्हाणीला नंबर लावायचा असतो. कोपीत मोबाइल आहे. तो रात्री ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्जिंगला लावलेला असतो. पोरगी तो काढून आणते, पाचटावर बसून कालच्या मालिकेचा अर्धा भाग बघते, रेंज जाते, आणि आई आतून हाक मारते, "ठेव तो फोन, मोळ्या बांधायच्यात."